वापरलेलं रिकर्व्ह धनुष्य शिकारीसाठी घेताना: आधी स्वतःचं माप, मग लिम्ब, सगळ्यात शेवटी लाकूड

फायबरग्लासचे थर दिलेलं चांगल्या कारागिरीचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य नीट सांभाळलं तर पिढी-दोन पिढ्या टिकतं. १९६०च्या दशकात बनलेली कितीतरी धनुष्यं आजही रोज बाण सोडतात. त्यामुळे वापरलेलं धनुष्य घेण्यात कमीपणा नाही, उलट शहाणपणच आहे. अडचण एवढीच, की नवखा माणूस मुठीचं चमकदार लाकूड बघून भुलतो. बाण फेकतात ते लिम्ब, म्हणजे मुठीच्या वर आणि खाली असलेली ती दोन लवचिक पाती. ती बिघडलेली असतील तर बाकी सगळं भिंतीवर टांगायच्या लायकीचं.

कायद्याचं आधीच बोलून घेऊ. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, ब्रिटनमध्येही धनुष्याने शिकार करता येत नाही. तेव्हा हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जिथे परवाना घेऊन धनुष्याने शिकार करता येते तिथे राहणारे. दुसरे, शिकारीच्या धाटणीचं धनुष्य घेऊन प्राण्यांच्या आकाराच्या थ्री-डी टार्गेटवर सराव करू इच्छिणारे. धनुष्य दोघांनाही सारखंच पारखावं लागतं.

१. जाहिराती उघडण्याआधी स्वतःचं माप घ्या

तुम्ही दोर किती लांब ओढता, ते तुमचं ड्रॉ लेंग्थ. ढोबळ हिशोब असा: दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचात मोजा आणि त्याला २.५ने भागा. ७० इंच भरलं तर २८. हा अंदाज झाला. खरं माप हलकं धनुष्य आणि लांब बाण घेऊन, ओळखीच्या तिरंदाजाकडून मोजून घ्यावं: मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून बाणाच्या खाचेपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच.

हे माप का लागतं? धनुष्यावर '४५ पाउंड @ २८ इंच' असं लिहिलेलं असतं, म्हणजे २८ इंच ओढल्यावर दोर धरायला ४५ पाउंडांचा जोर लागतो. हेच धनुष्याचं ड्रॉ वेट, पुढे नुसतं 'वजन' म्हटलंय ते हेच. एक इंच कमी ओढलं तर साधारण २ ते ३ पाउंड कमी होतात, जास्त ओढलं तर तेवढे वाढतात. तुमचं ड्रॉ २६ असेल तर तेच धनुष्य तुमच्या हातात जेमतेम चाळीसचं. ३० असेल तर पन्नासचं. लहान मुलांच्या आणि काही जुन्या धनुष्यांवरचा आकडा २८ इंचांचा नसतो, म्हणून @ च्या पुढचं नीट वाचा.

लांबीही याच मापावर ठरते. २७ इंचांपर्यंत ५८ ते ६० इंची धनुष्य चालतं, २८ला ६० ते ६२, त्यापुढे ६२ ते ६४ किंवा जास्त. आखूड धनुष्य झाडाझुडपांत आणि लपणीत सोयीचं, हे खरं. पण लांब हाताच्या माणसाने ते ओढलं की शेवटच्या दोन इंचांत वजन एकदम चढतं आणि दोर बोटांना चिमटे काढतो. बेअर कंपनीचं कोडिॲक मॅग्नम अवघं ५२ इंचांचं आहे. सुंदर धनुष्य आहे, पण तीस इंच ओढणाऱ्यासाठी नाही.

उजवं-डावं इथेच ठरवा. उजव्या हाताने दोर ओढणाऱ्याचं ते उजवं धनुष्य. ते डाव्या हातात धरतात, आणि दोर स्वतःकडे ठेवून पाहिलं तर बाण टेकवायची खाच मुठीच्या डाव्या बाजूला दिसते. घरातली अडगळ विकणारा माणूस 'डाव्या हातात धरायचं' म्हणून बिनदिक्कत 'लेफ्ट हँड' लिहून टाकतो. त्यामुळे जाहिरातीच्या शब्दांवर जाऊ नका, फोटोतली खाच बघा. तुमचा प्रबळ डोळा कोणता तेही तपासून घ्या. तो डावा असेल तर उजवं धनुष्य घेण्याआधी एखाद्या प्रशिक्षकाशी बोला.

२. वजन कमीच घ्या

कंपाउंड धनुष्यावरून इकडे येणारे हमखास इथे अडकतात. कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर चाकं बहुतेक भार आपल्यावर घेतात. रिकर्व्हमध्ये तसं काही नसतं, जितकं जास्त ओढाल तितका भार बोटांवर आणि पाठीवर. सत्तरचं कंपाउंड लीलया ओढणारा माणूस पंचावन्नचं रिकर्व्ह घेतो आणि दोर हनुवटीपर्यंत पोचायच्या आतच सोडायला लागतो. ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

शिकायला २५ ते ३५ पाउंड. हरणाच्या आकाराच्या प्राण्यासाठी ४० ते ५०. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी ३५ ते ४० पाउंडांची किमान अट असते. अलास्कात मूससारख्या मोठ्या जनावरांसाठी ती ५० आहे. तुमच्या प्रदेशाचा नियम त्या-त्या वन्यजीव खात्याच्या चालू हंगामाच्या नियमावलीत बघा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. सकाळी उठून, अंग गरम न करता, जाड कपड्यांत, खुर्चीत बसून दोर पूर्ण ओढा. काही सेकंद स्थिर धरा आणि न सोडता हळूहळू परत आणा. हात थरथरले किंवा धनुष्य आकाशाकडे उचलून ओढावं लागलं, तर ते वजन अजून तुमचं नाही. शिकारीत पहिला बाण असाच सुटतो, दोन तास थंडीत बसल्यावर, तयारीचे बाण न मारता.

३. एकसंध, टेकडाउन की आयएलएफ?

एकसंध धनुष्य हलकं, शांत आणि देखणं. पण एक लिम्ब गेला की सगळंच गेलं.

टेकडाउनमध्ये मूठ, म्हणजे रायझर, वेगळी आणि लिम्ब बोल्टने बसवलेले. वजन वाढवायचं झालं तर नुसते लिम्ब बदलायचे. मात्र एका कंपनीचे लिम्ब दुसरीच्या रायझरवर बसतीलच असं नाही. कंपनी बंद पडली असेल किंवा ते मॉडेल थांबवलं असेल तर बदली लिम्ब मिळणं कठीण. सामिक सेज हे ६२ इंची टेकडाउन याला सुखद अपवाद. ते इतकं पसरलंय की त्याला बसणारे लिम्ब इतरही बनवतात, आणि वापरलेल्या बाजारात ते सतत दिसतं.

आयएलएफ ही लिम्ब जोडण्याची सामाईक पद्धत, ऑलिंपिकच्या धनुष्यांत दिसते तीच. वेगवेगळ्या कंपन्यांचे लिम्ब आणि रायझर एकमेकांवर बसतात, वजन आणि टिलर (वरच्या-खालच्या लिम्बपासून दोराच्या अंतरातला फरक) थोडंफार बदलता येतं. १७ किंवा १९ इंची रायझरवर चांगलं शिकारी धनुष्य तयार होतं. एक खबरदारी: लिम्बवरचं वजन बहुधा २५ इंची रायझर धरून लिहिलेलं असतं. आखूड रायझरवर तेच लिम्ब काही पाउंड जड होतात.

पहिल्यांदा घेणाऱ्याने टेकडाउन किंवा आयएलएफच घ्यावं, असं माझं मत. शिकायला हलके लिम्ब, पुढे शिकारीला जड, आणि रायझर तोच. जुनं एकसंध धनुष्य मनात भरलं असेल तर ते दुसरं म्हणून घ्या.

४. जुन्या धनुष्याचं वय आणि त्याचा दोर

बेअरच्या जुन्या धनुष्यांवर १९५३ सालच्या कॅनेडियन पेटंटचा उल्लेख छापलेला असतो. ते पेटंटचं वर्ष आहे, धनुष्य बनल्याचं नाही. १९६०च्या दशकातल्या धनुष्यांवरही तो दिसतो. तरी '१९५३चं दुर्मिळ धनुष्य' म्हणून भाव चढवणारे विक्रेते भेटतातच. काही बेइमान असतात, बहुतेकांना खरंच माहीत नसतं. एक सोपी खूण: रायझरमध्ये सपाट बसवलेलं नाणं १९७२पर्यंतच्या धनुष्यांत सापडतं, उठावाचं पदक त्यानंतरच्या.

वय समजून घ्यायचं खरं कारण दोर हे आहे. आजचे डायनीमासारख्या धाग्यांचे दोर जवळजवळ ताणलेच जात नाहीत. बाण सुटल्यावरचा झटका थेट लिम्बच्या टोकांवर बसतो. जुन्या धनुष्यांची टोकं त्यासाठी मजबूत केलेली नसतात. त्यांना डॅक्रॉनचाच दोर लावायचा, जो थोडा ताणतो आणि झटका पचवतो. नव्या दोरांना चालेल असं उत्पादकाने स्पष्ट म्हटलेलं नसेल तर डॅक्रॉनच. दोन-चार फूट प्रतिसेकंद वेगासाठी चाळीस-पन्नास वर्षांचं टोक फोडून घेऊ नका.

५. जाहिरात आणि फोटो

सगळ्यात आधी बघा, फोटोत दोर सरळ चढवलाय की उलटा. हसू नका, हे फार वेळा दिसतं. दोर उतरवलेल्या रिकर्व्हचे लिम्ब तिरंदाजापासून दूर, पुढे वळलेले असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो त्याच वळणाच्या दिशेने धनुष्य वाकवून दोर अडकवतो. उलट्या बाजूने वाकवलेले लिम्ब आतून सुटलेले असू शकतात. असं धनुष्य कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

लांबून घेत असाल तर हे फोटो मागा:

- दोर उतरवलेलं पूर्ण धनुष्य, बाजूने
- दोर चढवलेलं पूर्ण धनुष्य, बाजूने
- दोर चढवून, दोराच्या बाजूने लिम्बच्या लांबीवर नजर टाकलेला फोटो, वरच्या आणि खालच्या लिम्बचा वेगळा
- दोन्ही टोकं जवळून
- लिम्ब रायझरला मिळतात त्या जागा, दोन्ही बाजूंनी
- वजन, लांबी आणि अनुक्रमांक लिहिलेला भाग

विक्रेत्याला दोर चढवता येत नसेल तर त्याच्याकडून जबरदस्तीने चढवून घेऊ नका, पीळ तिथेच पडायचा. त्यापेक्षा 'लिम्बला पीळ नाही, थर सुटलेले नाहीत, तडा नाही, तसं निघाल्यास परत घेईन' एवढं लेखी मागा. प्रामाणिक माणूस देतो. पाठवताना जाड नळीत, टोकांना गादी लावून पाठवायला सांगा.

६. हातात घेऊन तपासणी

सोबत न्यायच्या वस्तू: बो स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोर चढवायची दोरी), योग्य लांबीचा चांगला दोर, मोजपट्टी, वजन मोजायचा बो स्केल, छोटी विजेरी, भिंग, कापूस आणि ॲलन कीचा संच. दोर रिकर्व्हवर लिहिलेल्या लांबीपेक्षा साधारण ४ इंच आखूड लागतो, ६० इंची धनुष्याला ५६ इंची. विक्रेत्याकडचा जीर्ण दोर चढवून तपासणी करू नका. तो तुटला तर झटका लिम्बला बसेल आणि भांडण तुमच्या वाट्याला येईल.

दोर चढवण्याआधी थर बघा. लिम्ब म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्ट्या, दोन्ही अंगांना फायबरग्लास, मध्ये इपॉक्सी. विजेरी लिम्बच्या कडेला जवळजवळ समांतर धरा आणि चिकटवणुकीची रेष टोकापासून टोकापर्यंत सावकाश बघत जा. कुठे बारीक काळी फट, फुगवटा किंवा पांढुरका डाग दिसला तर थर सुटलाय. रायझरचं लाकूड निमुळतं होत लिम्बमध्ये विरतं, ती जागा दोनदा बघा. ताण तिथेच एकवटतो आणि थर सुटायला बहुधा तिथूनच सुरुवात होते.

मग तडे. सगळ्या रेषा वाईट नसतात. लिम्बच्या लांबीने जाणारी केसासारखी रेष पुष्कळदा नुसत्या वार्निशची असते. लिम्बला आडवी जाणारी रेष मात्र गंभीर. नख फिरवा: अडकलं तर ती वार्निशच्या खाली गेली आहे. कापसाचा बोळा चारही कडांवरून हलक्या हाताने ओढा. जिथे धागा अडकेल तिथे फायबर उचललंय किंवा टवका गेलाय.

टोकं भिंगाने बघा. दोराच्या खाचेत फायबर कापून आत लाकडापर्यंत गेलेली चर, किंवा टोकावरचा चिकटवलेला तुकडा कडेने उचललेला, दोन्ही नकोत.

रायझरमध्ये साइट (नेम धरायचं साधन) किंवा क्विव्हर (बाणांचा भाता) लावायला पाडलेली भोकं आहेत का? पितळी बुशिंग बसवलेलं असेल तर हरकत नाही. कोणी घरच्या ड्रिलने पाडून लाकडाच्या पुटीने बुजवलेलं असेल तर भाव उतरवा. भोक लिम्बच्या लवणाऱ्या भागात असेल तर विषय संपला. टेकडाउनमध्ये बोल्ट काढून आटे तपासा, आणि बोल्टच्या भोकापासून निघणारी चीर शोधा. धातूच्या रायझरवरचे ओरखडे निरुपद्रवी.

ताज्या रंगाचा वास आला तर सावध व्हा. नवं वार्निश चांगल्या धनुष्यालाही लावतात, पण तडे झाकायलाही तेच लावतात. शिवाय जुनं वार्निश काढताना कोणी पॉलिशपेपरने फायबर घासलं असेल तर लिहिलेलं वजन आता खरं नाही.

आता स्ट्रिंगरने दोर चढवा. पायात अडकवून वाकवायची पद्धत दाखवून विक्रेता ऐट मारत असेल, तर त्या धनुष्याचा पीळ जास्तच बारकाईने बघा, कारण लिम्बला पीळ बहुधा त्या पद्धतीनेच पडतो. कोपऱ्यात टोकावर उभं ठेवल्याने किंवा उन्हातल्या गाडीत राहिल्यानेही पडतो. दोर दोन्ही खाचांत मधोमध बसलाय याची खात्री करा. मग धनुष्य समोर धरून दोराच्या बाजूने एक डोळा मिटून बघा. दोर दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून गेला पाहिजे. एका टोकाकडे तो कडेला सरकत असेल तर पीळ आहे. टेकडाउन असेल तर आधी लिम्ब सोडवून, जागा पुसून पुन्हा बसवा, काही वेळा खड्यामुळेही तसं दिसतं. किंचित पीळ जाणकाराला काढता येतो. नवख्याने त्या फंदात पडू नये.

शेवटी टिलर. जिथे लिम्ब रायझरमधून सुटतो तिथून दोरापर्यंतचं काटकोनातलं अंतर वर आणि खाली मोजा. बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटं ठेवून मारणाऱ्यांच्या धनुष्यात वरचं अंतर साधारण १/८ ते १/४ इंच जास्त असतं. तिन्ही बोटं खाली ठेवणाऱ्यांना ते जवळपास सारखं लागतं. फरक उलटा किंवा खूप मोठा आला तर धनुष्य नाकारण्याआधी लिम्ब वर-खाली बदललेले नाहीत ना, ते पाहा. टेकडाउनमध्ये छापील वजन असलेला लिम्ब बहुधा खालचा असतो.

७. ओढून बघा, पण सोडू नका

बाण न लावता दोर सोडणं म्हणजे ड्राय फायर. एरवी बाण घेऊन जातो ती सगळी शक्ती मग लिम्बमध्येच फुटते. विक्रेता 'बघा कसा आवाज येतो' म्हणून रिकामा दोर सोडून दाखवायला लागला तर नमस्कार करून निघा. हे त्याने आधी किती वेळा केलं असेल कोण जाणे.

विक्रेत्याला विचारून, डोळ्यांवर चष्मा लावून, आधी अर्धं, मग पाऊण, मग आपल्या मापापर्यंत ओढा आणि दर वेळी परत आणा. कान लिम्बकडे असू द्या. कट्ट असा आवाज किंवा करकर आली की थांबा. नंतर बो स्केल दोराला लावून तुमच्या मापावर वजन मोजा. लिहिलेल्यापेक्षा एक-दोन पाउंड इकडेतिकडे चालतं. पाच-सहाचा फरक असेल तर कोणीतरी काहीतरी केलंय.

८. सौदा आणि कागद

घासाघीस करताना नवा दोर, स्ट्रिंगर, बोटांचं टॅब किंवा हातमोजा, आर्मगार्ड आणि तुमच्या धनुष्याच्या वजनाला साजेसे बाण यांचा खर्च धनुष्याच्या किमतीत मिळवून बघा. धनुष्यासोबत 'फुकट' मिळणारे बाण बहुतेकदा तुमच्या कामाचे नसतात. त्यांचा ताठपणा दुसऱ्या धनुष्यासाठी निवडलेला असतो, आणि जुन्या कार्बनच्या बाणात न दिसणारी चीर असली तर तो हातात फुटतो.

पावतीवर मॉडेल, वजन आणि अनुक्रमांक लिहून घ्या. शिकारीसाठी परवाना लागेलच, आणि बऱ्याच ठिकाणी त्याआधी धनुष्य-शिकारीचा वेगळा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मागतात. हंगामाच्या तोंडावर त्या वर्गांत जागा मिळत नाही, म्हणून धनुष्याआधी नाव नोंदवलं तरी चालेल.

९. घरी आणल्यावर

नवा दोर चढवा आणि ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या खोल भागापासून दोरापर्यंतचं अंतर, उत्पादकाने सांगितलेलं ठेवा. माहिती नसेल तर बहुतेक रिकर्व्हना ७ ते साडेआठ इंच चालतं. दोराला पीळ देऊन ते थोडं थोडं वाढवत जा. जिथे आवाज सगळ्यात कमी आणि हाताला हादरा सगळ्यात कमी, तिथे थांबा.

बाण वजनदार घ्या. ड्रॉ वेटच्या दर पाउंडाला निदान ८ ते १० ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं बारीक एकक), म्हणजे ४५ पाउंडांना ३६० ते ४५०. शिकारीला ४५०च्या बाजूचाच बरा. फार हलका बाण लिम्बला ड्राय फायरसारखाच त्रास देतो आणि जनावरात खोल जात नाही. या वजनांना दोन पात्यांचं, उघडझाप न होणारं, वस्तऱ्यासारखी धार असलेलं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पातेदार टोक, लावा. उघडणाऱ्या पात्यांत शक्ती वाया जाते.

पहिले काही दिवस जवळून मारा आणि दर सत्रानंतर कडांवर कापूस फिरवा. लपलेला दोष असला तर तो इथेच वर येतो, परत करण्याची मुदत संपायच्या आत. दोर उतरवून धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा.

शिकारीचं अंतर धनुष्यावर नाही, तुमच्या नेमावर ठरतं. ज्या अंतरावरून थंड अंगाने मारलेला पहिलाच बाण दर वेळी आठ इंची वर्तुळात बसतो, तेच तुमचं अंतर. पारंपरिक धनुष्यवाल्या बहुतेकांचं ते १५ ते २० यार्डांत संपतं. जड लिम्ब घेतल्यावर ते पुन्हा मोजा. सुरुवातीला ते कमीच होतं.